किल्ली कुणाकडे

वॉल्व्हचं टोपण – काळं, हरभऱ्याएवढं – कोटाच्या खिशात बोटांना लागलं आणि मीनलला शनिवारचं तळघर आठवलं; ऑइलचा वास, उलटी टांगलेली सायकल, आणि "जोर नका लावू, ते आपोआप बसतं" म्हणणारी हनीन. हनीन शेजारच्या जिन्यातली. तिचे आजोबा हैफाहून निघाले ते लेबनॉनच्या निर्वासित छावणीत पोचले. ती मात्र जन्मली इथे, हॅम्बर्गमध्ये. तिने आणि तिच्या पॅलेस्टिनी मित्रमैत्रिणींनी इमारतीचं पडीक तळघर झाडून काढलं, रंगवलं, आणि तिथे दर शनिवारी सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. गाझाहून नुकत्याच आलेल्या पोरांना काम शिकवायचं, बोलता बोलता जर्मन शिकवायची, आउसबिल्डुंग, म्हणजे पगारी कामशिक्षणाची जागा, मिळेपर्यंत त्यांच्या पाठीशी राहायचं... कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

एस-बान लोकल एल्बे नदीचा पूल ओलांडत होती, आणि मीनल मनात एकच वाक्य घोळवत होती – मला जमणार नाही. कारण घरमालक कंपनीच्या हेर ब्रांटनी तिला जिन्यात गाठून म्हटलं होतं, तळघर चालू ठेवायचं तर किल्ली एखाद्या जबाबदार माणसाकडे हवी, फ्राउ मेहेंदळे. तुम्ही तशाही जाताच तिथे. ती नुसती हसली होती. आज त्यावर रहिवाशांची बैठक.

"तू नाही म्हण," सकाळी तिचा नवरा उत्कर्ष म्हणाला होता. "पोरं चांगली आहेत गं, पण नाव कुठे कशाशी जोडलं जाईल... आपला नागरिकत्वाचा अर्ज अजून लटकलाय."

चुकीचं काय होतं त्यात? ऑफिसात पॅलेस्टाईन हा शब्द निघाला की सगळे कॉफीच्या कपात बघू लागतात. मीही बघते.

आणि तरी दुसरंच काहीतरी आत टोचत होतं – लहानपणीच्या चिंचवडच्या कॉलनीतली ती खोली, जिथे वेदांगदादाने मित्रांना जमवून कॅरम मांडला होता, अभ्यासिका काढली होती, आणि मग कमिटीने "देखरेखीला कुणीतरी मोठं हवं" म्हणून जोशीकाकांना बसवलं. काका वाईट नव्हते. नुसते खुर्चीत बसून असायचे. महिन्याभरात पोरं यायची बंद झाली, बोर्ड ओल लागून फुगला...

बैठक धुलाईयंत्रांच्या खोलीत होती. हेर ब्रांट सभ्यपणे म्हणाले, "प्रश्न विश्वासाचा नाही. पण प्रौढ व्यक्ती हवी."

"मी तेवीस वर्षांची आहे," हनीन म्हणाली. "बिलाल तर शिकलेला मेकॅनिक आहे. आणखी किती प्रौढ व्हायचं?"

ब्रांट मीनलकडे वळले. "फ्राउ मेहेंदळे, तुम्ही घ्याल किल्ली?"

"नाही," मीनल म्हणाली. दिवसभर घोळवलेलं ‘नाही’ ठरल्यासारखंच बाहेर आलं – पण तिथे थांबेना. जर्मन अडखळत होती, क्रियापदं भलतीकडे पडत होती. "ती खोली यांनी उभी केली. किल्ली यांच्याकडेच हवी. मी तिथे पंक्चर काढायला शिकते. मी... मी यांची विद्यार्थिनी आहे."

वरच्या मजल्यावरची म्हातारी फ्राउ लोरेन्झ हसली. "गेनाऊ, अगदी बरोबर. माझी सायकलही यांनीच चालती केली." मग हात वर होऊ लागले, एक, दुसरा... ब्रांटनी खांदे उडवले. सहा महिने बघू, म्हणाले, आणि किल्ली हनीनच्या हातात दिली.

बाहेर अंगणात हनीनने तिला मिठी मारली. "मला भीती होती, तुम्ही हो म्हणाल."

"मलाही," मीनल म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

जिना चढताना पाय हलके होते. पण कशाने? नाव कुठे जोडलं गेलं नाही म्हणून – की सगळ्यांसमोर जोडलं गेलं म्हणून? भीतीचं ‘नाही’ आणि मनापासूनचं ‘नाही’ एकाच श्वासात बाहेर पडलं होतं. आता ते वेगळं करता येईना. उत्कर्षला काय सांगावं... सांगेन, जसं सुचेल तसं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, दम लागला होता म्हणून नव्हे, आणि कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.