बर्फबाबांचा एकच टप्पा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या पडद्यावर बर्फाची गुहा आणि तिच्यात उघड्या अंगाने बसलेले बर्फबाबा. हजारो मैलांवरून ते एकेकाला नाव घेऊन हाक मारत होते.

"वत्सांनो, देह गुहेत, लहरी तुमच्या दारात! आकाशातल्या उपग्रहाला मी नुसत्या नजरेनं हुकूम सोडतो!"

माणसं गहिवरत होती. तिसऱ्या रांगेत ताई मात्र धाकट्या बहिणीकडेच पाहत होती. परवा बाबांनी धाकटीला सांगितलं होतं, "सुई फेकून दे, तुझी साखर मी ओढून घेतो." तेव्हापासून तिचं इन्सुलिन बंद. आता तिचे ओठ सुकले होते आणि पाण्याची तिसरी बाटली संपत आली होती.

"चल गं घरी," ताई म्हणाली.

"तुझा कशावरच विश्वास नसतो, ताई."

ताईला एकदम ठसका लागला.

"सांभाळून, आई!" बाबा तिथल्या तिथे म्हणाले. लोकांनी हात जोडले. ताई दचकली.

तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परदेशचे कॉल जोडले होते. "बोलून झालं की थांबा, आवाज पोचू द्या," हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणायचं. उपग्रहावरून बोलणं जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद तरी लागायचाच. उतावीळ नवराबायको एकमेकांच्या शब्दांवर आदळायचे आणि बोर्डावरच्या मुली तोंड दाबून हसायच्या.

ती पलीकडे बसलेल्या भाचीच्या, म्हणजे धाकटीच्या लेकीच्या, कानाशी लागली. "अगं, हा थांबलाच नाही! इतक्या पटकन तर शेजारच्या टेबलावरची मुलगी बोलायची."

भाची एका कचेरीचं नेटवर्क सांभाळायची. मागच्यांना फोनवर दर्शन घेता यावं म्हणून सभागृहाच्या वायफायवर एक पत्ता दिला होता. तिने आपल्या फोनवरून त्याचाच माग काढला.

"मावशी, माहिती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात, टप्प्याटप्प्याने जाते. लांबचा पल्ला असला तर दहा-पंधरा टप्पे. इथे एकच, आणि वेळ सेकंदाचा हजारावा भाग. हे यंत्र याच इमारतीत आहे." मग ती अडखळली. "पण बाबा खरंच गुहेतून या यंत्रात बोलत असतील तर?"

"तर माझ्या खोकल्यावर अर्धा सेकंद गप्प बसले असते. पडद्यामागच्या तारा जिन्यानं वर गेल्यात, चल वर."

जिन्यात शिष्य आडवा आला. "वर दुरुस्ती चाललीय."

"मग दुरुस्त करणाऱ्यालाच भेटते," म्हणत ताईने दार ढकललं.

आत चित्रात मागे बर्फ भरायचा हिरवा पडदा, कॅमेरा, आणि पँट घातलेले, घामाघूम बर्फबाबा. समोरच्या छोट्या पडद्यावर खालचं सभागृह दिसत होतं.

"गुहेत उकडतं वाटतं फार?" ताईने विचारलं.

खाली हलकल्लोळ उडाला. गुहेतल्या बर्फातून चष्मा लावलेली एक म्हातारी चालत आली होती!

"मी जिना चढून आलेय," तीच म्हातारी पडद्यावरून सांगत होती. "बावीस पायऱ्या. तुम्हीही या, बघून जा."

काही जण उठले. काही म्हणाले, बाबा परीक्षा घेताहेत. ताई खाली परतली तरी धाकटी बसूनच होती.

"पण ताई, तो माझं नाव घेऊन बोलायचा गं."

"दाराशी नाव आणि आजार तूच लिहून दिलास ना?"

 उठताना धाकटीचा तोल गेला. दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं आणि तडक इस्पितळ गाठलं. डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. "आणखी एक दिवस गेला असता तर..." एवढंच ते म्हणाले.

चमत्कार दिसला तर अवश्य पाहा. पण हात जोडण्याआधी विचारा, हे कुठून आलं, कोणत्या वाटेनं आलं, यायला किती वेळ लागला? आणि उत्तर काहीही मिळो, चालू औषध कुणा बाबाच्या सांगण्यावरून थांबवू नका.