कमरेची चिंबोरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चिंबोरी, म्हणजे खेकडा आहे, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

जपानात एका कारागिराने मला कठीण लाकडातून कोरले. तिथल्या जुन्या पोशाखाला खिसा नसे. लोक पिशवीची दोरी कमरपट्ट्याखालून वर काढत. ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला माझ्यासारखी कोरीव वस्तू ओवत. तिला नेत्सुके म्हणतात. कपड्यात अडकू नयेत म्हणून कारागिराने माझे सगळे पाय पोटाशी दुमडले. खाली दोरीसाठी दोन भोके पाडली. गाठ आत लपावी म्हणून एक जरा मोठे.

बोईसरच्या कारखान्यात आलेल्या एका जपानी साहेबाबरोबर मी इकडे आले. तो जवळच्या किनाऱ्यावर नवापूरला मंजुळाबाईंकडे मासे घ्यायला येई. त्यांचे यजमान कमलाकांत कोळ्यांचा रुमाल नेसत. त्यालाही खिसा नाही. पानसुपारीची चंची ते कमरेच्या करगोट्याला गाठ मारून बांधत. मायदेशी जाताना साहेबाने मला त्या चंचीच्या दोरीत ओवले आणि गाठ न मारता करगोट्याखालून कसे सरकवायचे ते दाखवले.

"चिंबोरीनं धरलं का सोडत नाय," कमलाकांत हसून म्हणाले.

मग कित्येक वर्षे मी त्यांच्याबरोबर समुद्रावर गेले. घाम आणि माशाचे तेल लागून माझी पाठ चकचकीत झाली. बंदरावर लोक मला हातात घेऊन बघत.

पुढे कमलाकांतांचा डावा हात लुळा पडला. आता होडी बंद, मग ही वस्तू कशाला झिजवायची, म्हणून सून रुचिताने मला काचेच्या कपाटात ठेवले. चंची तिने करगोट्याला घट्ट बांधून दिली. एका हाताने ती गाठ सुटेना. दर पानाला कोणाला तरी हाक मारावी लागे. हळूहळू त्यांनी हाक मारणेच सोडले. ओट्यावर गप्पांनाही जाईनात. इकडे मला कोणाचा हात लागेना. लाकूड सुकून माझ्या पाठीला चीर गेली.

शेवटी मंजुळाबाईंनी विचारले, पान का खात नाही.

"दर टायमाला कोनाला सांगू, माझी कंबर सोड म्हनून?"

मंजुळाबाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडले.

"आई, पडंल ती. जपानची हाय," रुचिता म्हणाली.

"आन तुजा सासरा कुटला हाय गो?"

त्यांनी मला दोरीत ओवले. कमलाकांतांनी उजव्या हाताने मला करगोट्याखाली सरकवले. मी निसटले. मंजुळाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. दुसऱ्या खेपेला मी बसले. ते भिंतीला धरून उठले आणि एकटेच ओट्यावर गेले.

मित्रांनो, माझी चीर आता भरणार नाही. तरी मला कपाटात ठेवू नका. आम्हा जुन्या वस्तूंना जपायचे असेल, तर ज्याला आमची गरज आहे त्याच्या हाताशी ठेवा.