वीसपैकी अकरा

मुंगीचं खरं नाव वर्गाच्या हजेरीखेरीज कुठे ऐकू येत नसे. तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्या टेबलाखाली सांडलेले स्क्रू ती एकेक करून डबीत भरायची, तेव्हापासून ती मुंगी. संख्याशास्त्राच्या बाईंनी प्रत्येकाला स्वतः आखलेला प्रयोग करून अहवाल लिहायला सांगितला, तेव्हा बाकीचा वर्ग विषयाच्या शोधात वणवण फिरला. मुंगीला उठावंही लागलं नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालेल?

बाबांची ख्याती अशी, की गिऱ्हाइकाने मशीन समोर चालवून दाखवलं की ते न उघडता दुखणं सांगत. "मशीन बोलतं, आपण ऐकायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आकड्यांनी सिद्ध करायचं असं मुंगीने मनावर घेतलं. तिने एकाच बनावटीची दोन जुनी मशीनं घेतली. एकाला तेल दिलं, दुसरं पुसून कोरडं ठेवलं. कोरडं चाललं की आतून बारीक किरकिर येते. दुकानात आडवी चादर बांधली. पलीकडे मशीनं आणि हातचाक फिरवायला उभी मुंगी, अलीकडे स्टुलावर बाबा. नाणं उडवायचं, छापा पडला तर कोरडं चालवायचं, काटा पडला तर तेलाचं, आणि कुठलं चाललं ते बाबांनी सांगायचं. वीस फेऱ्यांत बाबांचं एकच उत्तर चुकलं. नुसत्या अंदाजाने असं लाखात दोनदा घडेल, हे गणित मांडून झाल्यावर मुंगीला आकाश ठेंगणं झालं.

बाईंनी कच्चा अहवाल वाचला. प्रस्तावनेत वडिलांचं दीड पान कौतुक होतं. नमनालाच घडाभर तेल, म्हणून त्यांनी त्यातलं एक पान खोडलं. मग कृतीच्या भागात चादरीची उंची का लिहिली नाही, असं विचारलं. मुंगी म्हणाली, खांद्यापर्यंत होती.

"म्हणजे तुझं तोंड त्यांना दिसत होतं," बाई म्हणाल्या. "चादर छतापर्यंत बांध आणि पुन्हा कर. आधी दुसऱ्या कुणाला ऐकव. फरक ऐकू येण्याइतका आहे की नाही, तेही कळू दे."

दुसऱ्या खेपेला आधी शेजारची शिवणकाम करणारी काकू बसली. वीसपैकी वीस. यात ओळखायचंय काय, बहिऱ्यालाही कळेल, असं म्हणून ती आपल्या कामाला निघून गेली. मग बाबा बसले. चादरीआडून त्यांचा आवाज नेहमीसारखाच ठाम येत होता, आणि मुंगीच्या कागदावर फुल्या वाढत होत्या. शेवटी किती आले, असं त्यांनी विचारलं. अजून मोजायचेत, असं ती म्हणाली. मुंगीचं मोजायचं राहिलंय, ही थाप शेंबड्या पोरालाही पटली नसती. बरोबर उत्तरं होती अकरा. डोळे मिटून ठोकून दिलं तरी शंभरातल्या एक्केचाळीस वेळा तितकी किंवा जास्त येतील.

अहवाल लिहायला बसल्यावर तिला सगळं उमगलं. किरकिर सुरू झाली की तिचं नाक मुरडलं जायचं, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. बाबांना ते नाक दिसत होतं. दुकानातही ते मशीनवर वाकण्याआधी चालवून दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. इतकी वर्षं तिला ती अदब वाटत होती.

झाकली मूठ तशीच ठेवली असती, पण कॉलेजचा नियम आडवा आला. ज्याच्यावर प्रयोग केला त्याने पूर्ण अहवाल वाचून सही करायची, त्याशिवाय तो घ्यायचा नाही. बाबांचं सगळं आयुष्य त्या कानांवर उभं होतं, आणि ते कान गेले हे त्यांना तिच्याच अक्षरात वाचावं लागणार होतं. मग तिने 'त्रुटी' या मथळ्याखाली एक वाक्य घातलं: दुसऱ्या खेपेला रस्त्यावर वाहनांचा फार गोंगाट होता.

दुपारी तिने अहवाल बाबांसमोर ठेवला. ते चष्मा लावून सावकाश वाचू लागले. काकूच्या वीसवर थांबले, आपल्या अकरावर थांबले, मागे जाऊन पुन्हा काकूपाशी आले. मग शेवटचं पान उघडलं आणि पेन मागून घेतलं. मुंगीला वाटलं, सही करतायत. त्यांनी गोंगाटाचं वाक्य एका रेघेत खोडलं.

"त्या दिवशी रस्ता खोदून ठेवला होता, मुंगे," ते म्हणाले. "एक सायकलसुद्धा फिरकली नाही."

मुंगीला रडू आलं. चुकलं म्हणाली, आणि पहिली खेपच लिहिते, दुसरी कुणाला कळायची गरज नाही, असंही म्हणाली. बाबांनी मान हलवून नको म्हटलं. ते बराच वेळ चष्म्याची काडी उघडझाप करत बसले.

"मला वाटायचं, हल्लीची मशीनं कमी बोलतात," ते म्हणाले.

त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि उठून तिला चादरीमागून कोरडं मशीन आणायला सांगितलं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि हातचाक फिरवलं. बाबा अगदी जवळ बसले होते.

"आता आवाज कसा येतोय, ते सांग," ते म्हणाले.

मुंगीने नीट ऐकलं. बारीक आहे, ती म्हणाली. पाटीवर नख ओढल्यासारखा. चाक वर येताना नाही येत, खाली जाताना येतो, आणि शेवटी जरासा तुटतो.

बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"हां," ते म्हणाले. "असाच असायचा."