कडू पाला

"चाव. नीट चाव, मंग सांग कसा लागतो."

पंढरी भगतानं कडुलिंबाचा पाला रूपाच्या तोंडात दिला आणि त्याच्या अंगणात जमलेली माणसं पुढं सरकली. भात कापताना पेंढीखाली हात गेला आणि रूपाच्या मनगटाला लागलं. काय लागलं ते कुणी नाव घेऊन बोलत नव्हतं. दिघाशी गावात साप चावला तरी 'पान लागलं' एवढंच म्हणायचं. विष अंगात असेल तर पाला गोड लागतो, भगताच्या मंत्रानं उतरलं की कडू लागतो. ही परीक्षा पंढरीच्या बापापासून चालत आलेली.

पंढरीच्या अंगात अजून वॉचमनचा निळा शर्ट होता, गळ्यात शिट्टी. दिवसभर पूर्णा गावच्या गोदामावर कंटेनर आतबाहेर करायचे आणि घरी आल्यावर गावाचं इंचूकिरडू उतरवायचं, अशी त्याची दोन कामं. गोदामात पोरंटोरंही त्याला 'ए वॉचमन' म्हणत. गावात म्हातारी माणसं 'भगत' म्हणून उठून जागा देत. यातलं कुठलं काम त्याला जिवापाड प्यारं होतं, हे काही विचारायला नको.

फाटकाशी टेम्पो चालू ठेवून विनिता उभी होती. ती गावची आशाताई, घरोघर आरोग्याचं काम बघणारी. मागं एकदा तिनंच पंढरीची तक्रार केली होती आणि चौकीवर त्याला समज मिळाली होती.

"काका, कायदा मंत्राला मना करत न्हाय," ती ओरडली. "पण दवाखान्यात जायला अडवलंत, तर गुन्हा व्हतो."

"ते कुठं अडवतात? मी अडवते!" रूपाची सासू बायजाबाई उसळली. "नवशाला पान लागलं तवा नेलावता नं थेट दवाखान्यात? कंटेनरच्या मागं अडकला नि वाटंतच गेला. भगताच्या शब्दाबिगर माझी सून हलायची न्हाय."

बायजाबाई काही दुष्ट नव्हती. सुनेवर तिचा जीव होता आणि ती घाबरली होती. घाबरलेल्या माणसाला ओळखीचं दार लागतं, मग ते चुकीचं का असेना.

पंढरीनं मनात ठरवलं होतं, दोन मंत्र पुटपुटायचे आणि पोरीला टेम्पोत घालायचं. तेवढ्यात रूपा बोलली.

"कडू."

अंगणातून एकच सुस्कारा निघाला. नवरा भूपेश रडायलाच लागला. "उतरलं!" बायजाबाईनं हात जोडले. "बंद कर गं विनिता तुझा टेम्पो."

पण 'उतरलं' हा शब्द भगतानं म्हणायचा असतो. पंढरीनं तोंड उघडलंही होतं. मात्र रूपाचा तो 'कडू' त्याच्या कानाला बरा लागला नाही. जीभ जड होती तिची.

"रूपा, वर बघ. पपईकडं."

रूपानं हनुवटी वर केली, मान पार मागं टाकली, पण पापण्या निम्म्यावरच राहिल्या, अर्धं शटर पाडलेल्या दुकानासारख्या.

पंढरी वाकून तिच्या पापण्या बघू लागला. लहानपणी याच ओट्यावर त्यानं असे डोळे पाहिले होते. तेव्हा बाप 'उतरलं' म्हणाला होता, तो माणूस घरी जाऊन झोपला आणि उठलाच नाही. देवाची मर्जी, असं बाप म्हणाला. पंढरीनंही तेच मानलं, पण ते डोळे काही विसरला नाही.

"न्हाय उतरलं," तो म्हणाला. "घाला टेम्पोत."

"आरं, पाला कडू लागला नं?"

"पाला खोटा हाय."

भगताच्या तोंडून हे ऐकून माणसं एकमेकांकडे बघू लागली. भूपेश डोळे पुसून उठला. "काका, पोलिसाला भ्यालात काय? ही बाय हितं उभी हाय म्हनून आमच्या बायकोचा उतारा अर्ध्यावर सोडता?"

"व्हय, भ्यालाय तो!" मागून कुणीतरी म्हणालं.

झालं! माणसं वाचवायला केलेला कायदाच आता आडवा आला होता. पंढरी खरं बोलत होता आणि कुणाला ते खरं वाटत नव्हतं. रूपा भूपेशच्या खांद्यावर कलंडली. बायजाबाई म्हणाली, "दमली पोर, झोपू दे."

विनिता धावत जवळ आली. कायदा शिकवणारी ती, पण आता दबक्या आवाजात म्हणाली, "काका, देवाचा हुकूम झाला म्हणा. सुई घ्यायला सांगितलं म्हणा. ऐकतील."

पंढरीला मोह झाला. पोर वाचली असती आणि मानही शाबूत राहिला असता. पण त्यानं मान हलवली.

"आज हुकूम म्हनलो, तं उद्या ज्याला लागंल त्याला बी पयला माझ्याच ओट्यावर आनतील. हितंच टाइम जातो गं."

तो आत गेला आणि देव्हाऱ्यातला दिवा घेऊन बाहेर आला. बापाच्या हाताचा तो दिवा. वादळवाऱ्यात पदराआड जपलेला. सगळ्यांच्या देखत त्यानं तो तोंडानं फुंकला.

बायजाबाई किंचाळली. दिवा कुणी फुंकत नाही. आणि भगतानं फुंकला, तर त्याचा मंत्र मेला, पुन्हा त्या घरात भगत बसत नाही.

"माझ्याच्यानं न्हाय उतरत," पंढरी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आजपासून कुनाचंच न्हाय."

पोलिसाला भिणारा माणूस खोटं बोलेल, पण स्वतःचा देव विझवणार नाही, एवढं बायजाबाईला कळत होतं.

"उचल रं भूपेश! बघतोस काय?"

पंढरीही मागं चढला आणि टेम्पो सुटला. रूपाचा श्वास आता घरघरत होता आणि विनिता तिला कुशीवर धरून बसली होती. भिवंडीच्या अलीकडे नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती, टेम्पो जागेवर थांबला. "नवशाचं असंच झालं," भूपेश पुटपुटला.

पंढरीनं खाली उडी मारली. शिट्टी तोंडात धरली आणि रोज गोदामावर जे करायचा तेच करू लागला. "ए भाई, पीछे ले! लेफ्ट काट, लेफ्ट! पेशंट है!" निळा शर्ट पाहून ड्रायव्हर निमूट गाड्या सरकवू लागले. एकानं काच खाली करून विचारलं, "क्या हुआ, वॉचमन?" उत्तर द्यायला पंढरीला सवड नव्हती. टेम्पोच्या पुढं धावत त्यानं वाट काढली.

रूपा जगली. श्वासाला नळी लावावी लागली, पण जगली.

त्यानंतर पंढरीच्या ओट्यावर कुणी येईना. एका संध्याकाळी इंचू चावलेल्या माणसाला घेऊन रिक्षा त्याच्या दारावरून गेली आणि थांबली नाही. सवयीनं पंढरी उठून उभा राहिला होता. त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

भात झोडून झाल्यावर रूपा आली. नारळ ओट्यावर ठेवून म्हणाली, "काका, त्या दिशी पाला कडू न्हवता लागला. जिभंला चवच न्हवती. सासूबाय आशेनं बघत व्हती, म्हनून म्हनलं."

"ठाव हाय," पंढरी म्हणाला. "नारळ घेऊन जा. मी आता भगत न्हाय."

"भगताला न्हाय आनला," रूपा म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

पंढरी नारळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वर बघ जरा."

रूपानं मान न हलवता, नुसते डोळे उचलून पपईकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला आणि शर्टाची बटणं लावत ड्युटीला निघाला.