बर्फाचं बक्षीस

मित्रांनो, मी पत्र्याचा एक म्हातारा कूलर आहे. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, बालवाडीच्या मागच्या अंगणात, मोडक्या घसरगुंडीशेजारी माझा मुक्काम आहे. वसाहतीचं नाव मी सांगणार नाही. माझ्यामुळे आधीच काही जणांची मान खाली गेली आहे, त्यात आणखी भर नको. एके काळी मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते कसं मिळालं हे आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. गंजाने आधीच लाल झालोय म्हणून बरं, नाहीतर माझी लाज सगळ्यांना दिसली असती.

मला घडवलं विश्वासरावांनी. ते मूळचे साताऱ्याचे. कारखान्यात मोटारींच्या पोटात तांब्याची तार गुंडाळायचं काम करत. हात सोन्याचा, पण नशीब भारी थट्टेखोर. मला घडवण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी उन्हावर पाणी तापवायचं एक काळं पिंप गच्चीवर बसवलं होतं. वीज नको, कोळसा नको, फुकटात गरम पाणी! आठवड्याभरात पिंपाचा तळ सुटला आणि सगळं पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या गाद्यांवर गेलं. तेव्हापासून वसाहतीत कुणाचा नळ जरी गळला, तरी लोक म्हणत, "हे तर विश्वासरावांचं पिंप झालं!" विश्वासराव हसण्यावारी नेत. त्यांच्या पत्नीला, शशिकलाबाईंना, मात्र ते हसू सहन होत नसे.

तरी माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यांनी जुन्या बाजारातून पंख्याची मोटार आणली आणि तिची तार स्वतःच्या हातांनी नव्याने भरली. गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यातून पत्रा वाकवून आणला. तीन बाजूंना वाळ्याचे तट्टे लावले, तळाशी पाण्याची टाकी आणि एक चिमुकला पंप. ओल्या वाळ्यातून गरम हवा आत ओढायची आणि गार करून खोलीत सोडायची, एवढंच माझं काम. आणि वीज किती लागायची? घरातल्या दोन मोठ्या दिव्यांना लागते तेवढी! अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतल्या एअर कंडिशनरला तेवढ्या विजेत साधी उचकीसुद्धा लागली नसती.

इथवर सगळं छान झालं. पण साताऱ्यात विश्वासरावांनी कधी कूलर पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला होता तो मोठ्या साहेबांच्या खोलीतला एअर कंडिशनर, आणि त्या खोलीच्या दारावरची 'दार बंद ठेवा' ही चिठ्ठी. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं, की गारवा म्हणजे गारवा, दार उघडं राहिलं की पळाला. त्यांनी माझ्या डाव्या कुशीवर पांढऱ्या रंगाने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'चलते समय दरवाज़े और खिड़कियाँ बंद रखें.'

शेजारच्या सिंधूबाईंनी ते वाचलं आणि त्या हसल्या. सिंधूबाई उज्जैनच्या. माळव्यातला उन्हाळा त्यांच्या अंगवळणी पडलेला. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, कूलरला खिडकी उघडी लागते ना. हवा निकलायला जागा नाही दिली तर सगळी उमस होऊन जाईल."

"वहिनी, हे शास्त्र आहे," विश्वासराव म्हणाले. सातारकर ऐकतो थोडाच!

त्या मे महिन्यात वसाहतीत ऊर्जा बचत सप्ताह होता. स्पर्धा अशी, की प्रत्येकाने आपलं यंत्र क्लबच्या एका खोलीत तासभर चालवून दाखवायचं. कमीत कमी विजेत जो खोली जास्तीत जास्त गार करेल, तो पहिला. आदल्या दिवशी घरी सराव झाला. दारं लावली, मी सुरू झालो. पहिली दहा मिनिटं बरी गेली, मग खोली दमट व्हायला लागली. विश्वासरावांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांनी दोनदा तापमापक झटकला, पंप तपासला, आणि माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसले. दाराच्या फटीतून शशिकलाबाई पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये माझी टाकी भरायचं काम शशिकलाबाईंकडे होतं. त्या दोन बादल्या घेऊन आल्या, वर ओलं फडकं झाकलेलं. फडकं काढलं तर आत बर्फाचे मोठाले तुकडे! रसवंतीवाल्याकडून आणलेले, वितळू नये म्हणून लावलेला लाकडाचा भुसा अजून चिकटलेला. एकेक तुकडा माझ्या पोटात सोडताना त्या पुटपुटत होत्या, "एकदाच रे बाबा. एकदाच. परत नाही कुणाला हसू द्यायचं त्यांना."

मित्रांनो, मी त्या दिवशी असा काही गार वारा सोडला, की परीक्षक खुर्ची सोडायला तयार होईनात. एक्केचाळीसवरून पारा सव्वीसवर आला. टाळ्या झाल्या, विश्वासरावांच्या गळ्यात हार पडला, हातात ढाल आली. कुणीतरी ओरडलं, "पिंपाचं पाप धुतलं बरं का!" खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला लाज वगैरे काही वाटली नाही. मी फुगलो होतो. लाज मागाहून आली आणि आली ती बि‍ऱ्हाड करूनच राहिली.

बक्षीस मिळालेला कूलर घरात कसा ठेवायचा? वसाहतीच्या समितीचे सचिव सक्सेना साहेब म्हणाले, "इसे बालवाड़ी में लगाइए, बच्चों के काम आएगा." विश्वासरावांनी मोठ्या मनाने मला देऊन टाकलं. बालवाडीच्या बाई कोण? सिंधूबाईच! त्यांची नोकरी तात्पुरती होती. दर जून महिन्यात समिती बसायची आणि त्यांना पुढचं वर्ष द्यायची की नाही ते ठरवायची.

पंचवीस पोरं, एक खोली, साधं नळाचं पाणी आणि बंद दारं. विचार करा काय झालं असेल. दुसऱ्याच दिवशी पोरांना घामोळं आलं. तिसऱ्या दिवशी सिंधूबाईंनी माझ्यासमोरची खिडकी आणि दार सताड उघडलं. मी मागच्या खिडकीत बसून बाहेरची हवा ओढत होतो, ती खोलीतून फिरून समोरून निघून जात होती. पोरं शांत झोपली. बर्फाचा बडेजाव नव्हता, पण खराखुरा गारवा होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझं काम नीट करत होतो. ते सुख मला चार दिवसच मिळालं.

पाचव्या दिवशी सक्सेना साहेब पाहणीला आले. उघडं दार पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी माझ्या कुशीवर बोट ठेवलं. "बाई, यह पढ़ा नहीं? फर्स्ट प्राइज़ का कूलर है. बिजली बरबाद कर रही हैं आप."

"साहब, बंद कमरे में बच्चों का जी घबराता है," सिंधूबाई म्हणाल्या.

"कूलर तो परखा हुआ है. आपको चलाना नहीं आता."

साहेबांचा शब्द. सिंधूबाईंनी दार लावलं. दोन दिवसांनी दुपारी प्रतिभा नावाची चार वर्षांची चिमुरडी बसल्या जागी लुडकली. सिंधूबाई तिला उचलून बाहेर निंबाच्या सावलीत धावल्या, तोंडावर पाणी मारलं, कैरीचं पन्हं पाजलं. पोर तासाभरात हसायला लागली. पण मी मात्र आत घरघरत उभा होतो, कारण माझं बटण बंद करायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या अंगावर लिहिलेल्या खोट्या अक्षरांमुळे एक लेकरू पडलं आणि मला साधं थांबताही आलं नाही. तेवढी शरम मला पुढे भंगारात निघालो तेव्हाही वाटली नाही.

आणि दोष कुणावर आला? सिंधूबाईंवर! बाईंनी टाकी भरली नसेल, बाईंचं लक्ष नसेल. बक्षीस मिळालेला कूलर कसा चुकेल? जूनची बैठक जवळ आली होती आणि सिंधूबाईंना पुढचं वर्ष मिळणार नाही, असं जो तो बोलू लागला.

बैठकीच्या आदल्या दिवशी शशिकलाबाई बालवाडीत आल्या. पोरं घरी गेली होती, सिंधूबाई पाट्या पुसत होत्या. शशिकलाबाई भोपाळला नव्या आल्या तेव्हा त्यांना इथला उन्हाळा काढायला शिकवलं होतं याच सिंधूबाईंनी. दारावर ओली चादर कशी टाकायची, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून बाहेर जाताना कांदा कसा जवळ ठेवायचा, सगळं.

"सिंधूताई, तुम्ही माझ्यावर रागावलात का?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यावर कशाला गं? भाऊजींच्या कूलरला मी नावं नाही ठेवत. पण मला हवा समजते ना. इतकी वर्षं याच हवेत काढली." सिंधूबाई पुन्हा पाटी पुसू लागल्या. "पोरांची सवय झाली आहे, बस. दुसरं काही नाही."

शशिकलाबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्या पदर तोंडाला लावून निघून गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. माझं तरी काय वेगळं होतं?

शनिवारी चार वाजता समिती बालवाडीतच बसली. सूचनेप्रमाणे दारं-खिडक्या बंद, आणि मी सुरू. पाच मिनिटांत सगळ्यांचे रुमाल निघाले. महिला मंडळाच्या बायका पदराने वारा घेऊ लागल्या. सक्सेना साहेबांचा चष्मा घामाने नाकावरून घसरत होता, तरी ते म्हणत होते, "कूलर में कोई कमी नहीं है." त्यांनी विश्वासरावांना विचारलं, "आप बताइए, आपका कूलर है. गलती किसकी है?"

विश्वासराव उभे राहिले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "माझी." शशिकलाबाई उठल्या होत्या. "गलती मेरी है, साहब. स्पर्धेच्या दिवशी टाकीत मी बर्फ घातला होता. यांना ठाऊक नव्हतं. दोन बादल्या बर्फ. म्हणून पारा उतरला."

मग विश्वासराव अगदी हळू म्हणाले, "मला ठाऊक होतं."

शशिकलाबाईंनी चमकून वर पाहिलं.

"त्याच संध्याकाळी पंपाची जाळी साफ केली. जाळीत भुसा अडकला होता. कूलरमध्ये भुसा कुठून येणार? बर्फाच्या लादीशिवाय भुसा येतो कुठून?" त्यांनी हात जोडले, ते समितीला नव्हे, सिंधूबाईंना. "वहिनी, तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी ढाल वाचवायला मी गप्प बसलो आणि तुमची नोकरी जात असताना बघत राहिलो."

सिंधूबाई उठल्या, दार उघडलं, मग समोरची खिडकी उघडली. पाच मिनिटांत खोलीतली दमट उमस निघून गेली आणि सक्सेना साहेबांचा चष्मा नाकावर ठरला. तोच पंखा, तेच पाणी, तीच वीज. साहेबांनी खाली मान घालून सिंधूबाईंच्या नावापुढे सही केली.

विश्वासरावांनी ढाल परत केली. पुढे कित्येक वर्षं त्यांना पिंपाबरोबर बर्फाचंही ऐकून घ्यावं लागलं, पण त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा घेऊन माझ्यावरची सूचना पुसायला आले. सिंधूबाई म्हणाल्या, "पुसू नका भाऊजी, सुधारा." विश्वासरावांनी 'बंद' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'खुले'. ती काट अजून माझ्या कुशीवर आहे.

आता बालवाडीत एअर कंडिशनरची नवी यंत्रं आली आहेत. त्यांना दार बंदच लागतं आणि ते त्यांच्यासाठी बरोबरही आहे. मित्रांनो, तुमच्याकडे जे असेल त्याची रीत नीट समजून घ्या. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, पाणी वरचेवर बदला आणि ज्याला हवा समजते त्याचं ऐका, मग त्याच्याजवळ बक्षीस असो की नसो.

एक सांगायचं राहिलं. त्या वर्षापासून शशिकलाबाई दर उन्हाळ्यात सकाळी माझी टाकी भरायला यायच्या. ओतण्याआधी बादली सिंधूबाईंपुढे धरायच्या. सिंधूबाई म्हणायच्या, "दाखवतेस काय गं रोज?" आणि बघायच्या नाहीत. अकरा उन्हाळे असे गेले. विश्वासराव निवृत्त झाले, सामान साताऱ्याला निघालं, त्या सकाळीही शशिकलाबाई आल्या. बादली पुढे धरली. त्या दिवशी मात्र सिंधूबाईंनी बादलीत कोपरापर्यंत हात घातला, तळापर्यंत चाचपून पाहिलं आणि ओल्या हाताने शशिकलाबाईंचा गाल धरून म्हणाल्या, "नुसतं पाणी आहे गं. जा आता, निवांत जा."