पतंग, बिनशेपटीचे

जिन्याखाली, पत्रांच्या पेट्यांशेजारी, ताईने एक कागद चिकटवला होता : ‘सांगाल त्या आकाराची बिस्किटं करून मिळतील. साचा लागत नाही.’ त्यातलं दुसरं वाक्य तिला महत्त्वाचं वाटायचं. तिच्या सासूबाईंना पहिलंच खटकायचं.

“सांगाल तो आकार म्हणे. उद्या कोणी येऊन म्हणेल, माझ्या जावयाच्या आकाराचं द्या.”

“देईन की,” ताई म्हणाली. “जावयाने फक्त कागदावर आडवं पडायचं.”

मी तेव्हा पदवी घेऊन, पुढे काय ते ठरत नसल्यामुळे ताईकडे राहायला आले होते. माझा विषय भौतिकशास्त्र. त्यामुळे घरात माझं नाव शास्त्रज्ञबाई पडलं होतं आणि ओव्हनचं तापमान, वजनकाटा आणि कुरकुरणारा पंखा ही खाती आपोआप माझ्याकडे आली होती.

ताईची पद्धत अशी होती. हवा तो आकार आधी कागदावर काढायचा आणि मग जुन्या फाइलच्या प्लॅस्टिक कव्हरातून कापून घ्यायचा. मैदा, लोणी आणि पिठीसाखर यांचा गोळा दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटायचा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं, म्हणजे जाडी सगळीकडे एकच येते. ती लादी फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायची, मग वर प्लॅस्टिकचा आकार ठेवून, सुरी उभी धरून कडेकडेने कापायचं. वळणावर सुरी ओढायची नाही, उचलून पुन्हा टेकवायची. कापलेले तुकडे भाजण्याआधी परत फ्रिजमध्ये. हे दुसऱ्यांदा कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. नंतर मीच उत्तर काढलं : लोणी मऊ असेल तर तुकडा ओव्हनमध्ये आधी पसरतो आणि मग पसरलेल्या आकारातच भाजला जातो. ताईचं उत्तर यापेक्षा लहान होतं. “गार असलं की शहाण्यासारखं वागतं.”

तोपर्यंतच्या ऑर्डरी सगळ्या घरच्या आणि ओळखीच्या होत्या. नणंदेच्या मुलीला जिराफ, शेजारच्यांना फुटबॉलचे बूट, भावोजींच्या ऑफिसात कोणाच्या तरी निरोप समारंभाला स्टेपलर. ओळखीची माणसं मान मोडलेल्या जिराफालाही जिराफच म्हणतात, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. ताईने ज्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी सोडली होती, त्यांनी तिची खुर्ची अजून रिकामी ठेवली होती. परत यायचं असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा, नंतर मी दुसरं माणूस घेणार, असं त्यांनी सांगितलं होतं. घरात ठरलं ते असं : एका तरी परक्या माणसाची ऑर्डर नीट पार पडली तर बिस्किटं, नाहीतर दवाखाना. हे ताईनेच ठरवलं होतं. सासूबाईंनी फक्त मान डोलावली होती, पण ती जरा लवकर डोलावली होती.

आणि त्याच आठवड्यात परक्या माणसाचा फोन आला. ताईचे हात पिठात होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. वयस्क बाईंचा, ठाम आवाज.

“तुमचा कागद पाहिला जिन्यात. माझ्या बहिणीच्या वर राहता ना तुम्ही? आमच्या यांना सत्तर पूर्ण होताहेत. त्यांना पतंगांचं भारी वेड. पतंगाच्या आकाराची बिस्किटं जमतील?”

“जमतील की,” ताई म्हणाली. “रंग कुठले हवेत?”

“करडे, तपकिरी. भडक नकोतच. ठिपके असले तर उत्तम.”

“आणि शेपूट?”

बाई जरा थांबल्या. “शेपूट असते काही काहींना. पण नको. ऐटीचं काम. साधेच करा.”

फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, “तपकिरी पतंग. आकाशात दिसायचा तरी कसा तो?” मी म्हटलं, हौसेला मोल नसतं. दोघींनाही यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही.

पतंगाचा आकार साच्याशिवाय करायला सगळ्यात सोपा. सगळ्या रेषा सरळ, वळण नाहीच. ताईने उभी काडी लांब घेतली, आडवी काडी वरून एक तृतीयांशावर, चारी टोकं जोडली आणि शनिवारी सकाळी पट्टी लावून भराभर कापत गेली. दुपारी एकच्या सुमाराला सगळे पतंग भाजून जाळीवर निवत होते. कडा इतक्या सरळ होत्या की मी उगाच एकाचे कोन मोजून पाहिले. चारला बाई न्यायला येणार होत्या. फक्त वरचं साखरेचं आयसिंग राहिलं होतं.

तेवढ्यात बाईंचा फोन आला.

“एक सांगायचं राहिलंच. मिशा जाड करू नका हं.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “कोणाच्या?”

“पतंगाच्या हो. जाड केल्या की झुरळ वाटतं. आणि मिशीच्या टोकाला गाठ देऊ नका, गाठ फुलपाखराला असते. यांना लगेच कळतं.”

सासूबाई टेबलाशी मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला.

“काय आहे ना,” बाई सांगत होत्या, “आयुष्यभर गच्चीवर चादर टांगून दिव्यावर येणारे पतंग बघत बसले हे. पण कोणाला सांगावं, मला पतंगांचा नाद आहे, की समोरचा वर आकाशाकडे बघतो आणि विचारतो, कुठल्या दुकानातून घेता? साठीला त्यांच्या भावाने फिरकी आणून दिली. म्हणून म्हटलं, सत्तरीला तरी कोणीतरी बरोबर पतंग द्यावेत.”

“हो,” ताई म्हणाली. “बरोबर पतंग.”

फोन बंद झाला. जाळीवर पतंग ओळीने पडले होते, उडवायचे.

“सांगाल तो आकार,” सासूबाई म्हणाल्या. “आधी सांगितलेलं ऐकावं माणसाने.”

“आई, मी ऐकलं तेच केलं. पतंगच म्हणाल्या त्या.”

“मग मी कुठे म्हणतेय त्या गाढव म्हणाल्या?”

खरं सांगून टाकायचा मार्ग होता, पण फिरकीची गोष्ट ऐकल्यावर तो बंद झाल्यासारखा झाला. लोणी संपलं होतं. उरलेल्या कातरणांचा एक लहानसा गोळा होता. ताईने कागद दुमडून अर्धा पतंग काढला, म्हणजे उघडल्यावर दोन्ही बाजू सारख्या, आणि पंख पसरलेला आकार कापून घेतला. कातरणं लाटली, कापली आणि घाईत तुकडे तसेच ओव्हनमध्ये सरकवले. मी फ्रिजकडे बोट दाखवलं.

“वेळ आहे का?” ती म्हणाली.

लोण्याला आमच्या घाईशी काही देणंघेणं नव्हतं. पंख पसरले, मिशा विरघळून डोक्यात गेल्या.

सासूबाईंनी एक उचलून उजेडात धरलं. “हे वटवाघूळ आहे.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली.

“छान आहे, पण वटवाघूळ आहे.”

ताई खुर्चीवर बसली आणि हातातलं फडकं तिने चारपदरी घडी करून समोर ठेवलं. डॉक्टरांना फोन करायला संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही, असं ती बोलली नाही, पण तिने फोन स्वतःकडे ओढून घेतला. मी तो तिच्याकडून मागून घेतला आणि पतंगांचे फोटो शोधू लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. फोटो दोन प्रकारचे होते. पंख पसरलेले बहुतेक सगळे पांढऱ्या कागदावर, मधोमध टाचणी. भिंतीवर, खोडावर, दाराच्या चौकटीवर काढलेले फोटो वेगळे दिसत होते.

“ताई, पंख पसरलेले आहेत ते मेलेले आहेत.”

“मग?”

“जिवंत पतंग बसतो तेव्हा पंख मागे मिटून घेतो. छपरासारखे. हे बघ. नुसता त्रिकोण.”

“असा एक आहे की माळ्यावर, बल्बच्या बाजूला,” सासूबाई म्हणाल्या. “परवा फडकं मारलं तरी हलला नाही. मला वाटलं, भिंतीचा पोपडा.”

ताईने जाळीकडे पाहिलं. मग उठली, एक पतंग उचलला आणि त्याचा खालचा भाग तळहाताने झाकला. वर उरला आखूड, रुंद त्रिकोण. मग हात वर सरकवून वरचा भाग झाकला. खाली उरला लांब, निमुळता त्रिकोण. तिने सुरी घेतली, आडव्या काडीच्या जागी ठेवली आणि दाबली. बिस्किटाचे तीन तुकडे झाले.

इथे माझा थोडा उपयोग झाला. गार असलं की शहाण्यासारखं वागतं हे खरं, पण भाजल्यानंतर उलटं असतं. ओव्हनमधून नुकतं निघालेलं बिस्किट नरम असतं, कडक होतं ते निवताना. मी म्हटलं, पुन्हा थोडा वेळ आत ठेवून गरम असतानाच कापू. ताईने रुंद पात्याची सुरी काढली. थोडेथोडे गरम करायचे, पातं आडव्या रेषेवर ठेवायचं, ओढायचं नाही, एकाच दाबात खाली. काही तरीही फुटले. बहुतेक फुटले नाहीत. कापलेली कड पट्टीने कापल्यासारखी सरळ आली नाही, जराशी खडबडीत, झिजलेल्या पंखासारखी आली. मुद्दाम करायला गेलो असतो तर जमलं नसतं.

“म्हणजे एकाचे दोन झाले,” मी म्हटलं. “आणि दोन जातींचे.”

“पाव मोडला म्हणून दोन पाव होत नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. पण मटार बाजूला ठेवून त्या फुटलेले तुकडे वेचायला लागल्या आणि त्यातले दोन खाऊन त्यांनी पाहिले.

आयसिंग कोकोने तपकिरी केलं होतं, त्यातच साखर वाढवून एक फिका करडा रंग केला. ताई चमचा उचलून वाटीत धार सोडायची आणि त्या धारेची रेघ विरायला किती वेळ लागतो ते बघायची. लगेच विरली तर पातळ, विरलीच नाही तर घट्ट. आधी पूर्ण त्रिकोण गडद रंगाने भरला. तो ओला असतानाच त्यावर फिके ठिपके ठेवले आणि टूथपिकने प्रत्येक ठिपका कडेकडे ओढला. ठिपक्यांची पिसं झाली. मधून पंख मिटल्याची एक रेघ. टोकाला डोकं आणि तिथून मागे निघालेल्या दोन मिशा, केसाइतक्या बारीक. गाठ नाही. सासूबाई माळ्याच्या दाराशी स्टुलावर चढून वर बघून आल्या आणि म्हणाल्या, “याच्या पाठीवर थोडी पावडर सांडल्यासारखी असते.” ताईने वरून कोको भुरभुरला.

चारला बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी चष्मा लावला आणि खोक्याचं झाकण उघडलं.

“पंख मिटलेले?”

ताईला बोलण्यासारखं बरंच होतं. ती म्हणाली, “बसलेले आहेत.”

बाईंनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, “हं. म्हणजे जिवंत आहेत,” आणि झाकण लावलं. आवडले की नाही, ते काही बोलल्या नाहीत. जिन्यावरून खाली जाताना खोकं दोन्ही हातांत आडवं धरलं होतं, एवढंच दिसलं.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ताईला वाटलं, डॉक्टर. पण आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता आणि मागे भांड्यांचा, पाहुण्यांचा गलका होता.

“बिस्किटवाल्या ताई का? मी तो सत्तरीवाला. ते निमुळते मी ओळखले. नाव सांगत नाही, तुम्हाला जांभई येईल. पण ते दुसरे, आखूड आणि रुंद, ते कुठे पाहिलेत तुम्ही? असा पतंग मी आजवर पाहिलेला नाही. आमच्याकडे सगळे मला विचारताहेत आणि मी गप्प आहे.”

ताईने माळ्याकडे पाहिलं. मग जाळीकडे पाहिलं. तिथे एक अख्खा पतंग उरला होता, कापायचा राहिलेला. माळ्यावर पाहिला, असं सांगून ती सहज सुटली असती.

“ते पतंगाच्या वरच्या बाजूचे आहेत,” ती म्हणाली.

“कुठल्या पतंगाच्या?”

“उडवायच्या.”

त्यांनी फोन बाजूला धरून कोणाला तरी काहीतरी सांगितलं, बाईंचं “काय?” ऐकू आलं, आणि मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, कोणीतरी पाणी दिलं. सासूबाई मानेनेच विचारत होत्या, मेला का जिवंत आहे?

“म्हणजे निमुळते खालच्या बाजूचे,” ते श्वास घेत म्हणाले. “माझ्या भावाला हे सांगितलंच पाहिजे. त्याने फिरकी दिली होती, आता पतंगही आले. बरं, ऐका. माझा एक मित्र आहे, पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस. त्याला कोळी हवेत. जमतील?”

ताईने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विचारलं, “आठ पायांचे की दोन पायांचे?”

“आठ,” ते म्हणाले.

“आठ,” ताईने माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं.

फोन ठेवल्यावर तिने लगेच डॉक्टरांचा नंबर लावला आणि सांगितलं की सोमवारी येणार नाही, त्यांनी दुसरं माणूस बघावं. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. मग ती फाइलचं एक जुनं कव्हर शोधायला लागली.

“आठ पाय,” सासूबाई म्हणाल्या. “भाजताना दोन तरी गळणार.”

“गळू देत,” ताई म्हणाली. “पण विचारून घेतलंय.”