सोमवारची तारीख, बुधवारची भिंत

कुरखेड्यापासून अकरा किलोमीटरवर पळसटोला नावाचं गाव आहे, आणि तिथल्या शकुबाईच्या घराच्या भिंतीवर पाल टिकत नाही. चढते, अर्ध्यावर जाते आणि घसरून खाली बसते. एक म्हातारी पाल तर शेवटी वैतागून शेजारच्या सिमेंटच्या घरात राहायला गेली. पिवळी माती तीनदा वस्त्रगाळ करायची, शेणाचं पाणी नेमकं तेवढंच घालायचं आणि वरून पोतारा, म्हणजे सारवायचं ओलं फडकं, असा फिरवायचा, की बाप्पा, नवऱ्यानं, म्हणजे रामाजीनं, भिंतीत बघून दाढी करावी.

ह्या भिंतींपायी शकुबाईनं चार वर्षं हिवतापाच्या फवारणीवाल्यांना घरात घेतलं नव्हतं. औषध वाळलं की भिंतीवर पांढरे ओघळ राहतात, जसा काही बगळ्यांचा थवा मुक्कामाला येऊन गेला. आरोग्य सेवक प्रफुल वर्षातून दोनदा दारात उभा राहायचा.

"शकुबाई, डास चावला का भिंतीवर जाऊन बसते. भिंतीवर औषध असलं तर तिथंच मरते. सोपं हाये."

"मंग गोठा फवारा. म्हशीले डाग चालतेत, मले नाई चालत."

आणि पळसटोल्याचे डास काही ऐरेगैरे नव्हते. दोघं मिळून कोंबडीचं पिल्लू उचलायचे. एकटादुकटा असला तर नुसता रक्त पिऊन जायचा, तेवढी माणुसकी होती.

पण ह्या वर्षी गोष्ट वेगळी होती. पोळा होऊन गेला होता, धान पोटरीला आलं होतं आणि मूल गावाला दिलेली एकुलती एक पोरगी करिष्मा सहा महिन्यांची पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. बाज विणून झाली होती, अळिवाचे लाडू कुठल्या डब्यात ठेवायचे तेही ठरलं होतं. आणि तेवढ्यात मूलहून विहीणबाईचा, नीलाबाईचा, फोन आला.

"ईनबाई, पोरीले पाठवायचं म्हन्ता, पन तुमच्याकडे हिवताप लय हाये म्हन्तेत."

"कोन म्हन्ते?"

"अख्खी दुनिया म्हन्ते. माह्या भावजयीले सातव्या महिन्यात ताप आला होता. पोट गेलं न् तीबी जाता जाता राह्यली. मी डोळ्यानं पाह्यलं हाये, ईनबाई. मी गुरुवारी येतो. घर पाह्यतो. फवारलं असन तर पोरगी येईन, नाई तर बाळंतपण मूललेच."

फोन ठेवला आणि शकुबाई ओट्यावर बसली ती उठेचना. पोरीचं पहिलं बाळंतपण सासरी! गावात तोंड दाखवायची सोय नाही, ही एक गोष्ट. आणि त्याच्या मागे दुसरी, जी ती रामाजीलाही बोलली नाही: पोरगी चार वर्षांत चार दिवस सलग माहेरी राहिली नव्हती.

सोमवारी फवारणीवाले आले तेव्हा शकुबाईनं स्वतः दार उघडलं. प्रफुलनं आधी आकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तब्येत ठीक हाये नं, बाई?"

"मारा. पाचही खोल्या मारा. देवघरबी मारा."

मडकी-गाडगी बाहेर निघाली, पंप चालले, पाचही खोल्या झाल्या. दाराच्या बाजूला गेरूनं तारीख पडली आणि खाली आकडा: पाचपैकी पाच. जाताना प्रफुलनं बजावलं, "आता तीन महिने भिंतीले हात नाई लावायचा. पोतलं का औषध खाली दबते, मंग डासाले काय, गादीच झाली."

"मले शिकवू नोका."

सोमवारचा दिवस निघाला. मंगळवारी औषध वाळलं आणि ओघळ उठले. शकुबाई स्वयंपाकघरात गेली की ओघळ, देवापुढं बसली की ओघळ. डोळे मिटले तरी ओघळ. जेवताना तिनं भिंतीकडे पाठ केली, तर समोरची भिंत दिसली.

बुधवारी पहाटे रामाजी उठला तर बायको कमरेला पदर खोचून, हातात पोतारा घेऊन स्टुलावर उभी.

"काय करून राह्यली?"

"थोडंसंच. एक कोपरा."

दुपारपर्यंत पाचही खोल्यांचे सगळे कोपरे झाले. आणि कोपऱ्यांच्या मध्ये जे काही असतं, तेही झालं. दाराजवळच्या गेरूच्या तारखेला मात्र तिनं धक्का लावला नाही. उलट तिच्याभोवती चार बोटांची काळी पट्टी ओढली, चार टोकांना चार फुलं काढली. सरकारी आकडा इतका सुंदर अख्ख्या जिल्ह्यात कुठं दिसला नसेल.

"ईनबाई आकडा पाह्यल, भिंतबी पाह्यल. दोन्हीनं खुश," शकुबाई म्हणाली. रामाजी म्हशीला चारा टाकायला निघून गेला. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस.

गुरुवारी नीलाबाई उतरल्या. हिरवंगार पातळ, हातात पिशवी, चष्मा कपाळावर. त्यांनी चष्मा खाली घेऊन आकडा वाचला, मान हलवली. पाचही खोल्या फिरल्या.

"भिंती मात्र झाक हायेत, ईनबाई."

"आपलं असंच जी. जमते तेवढं."

चहा आला. नीलाबाई भिंतीला टेकून बसल्या, चहा घेतला, पोरीच्या खाण्यापिण्याचं बोलल्या. आता "पाठवतो" एवढा एकच शब्द ओठाशी आला होता. त्या कप ठेवायला उठल्या आणि रामाजीनं डोळे मिटून घेतले. हिरव्या पातळाची अख्खी पाठ पिवळी झाली होती, नवरीला हळद लागावी तशी.

नीलाबाईंनी हात मागे नेला, बोटं पाहिली, भिंतीला हात लावला.

"आकडा सोमवारचा," त्या शांतपणे म्हणाल्या, "न् भिंत आज ओली."

"ते… ते हवेत ओल हाये जी."

"ईनबाई, मी सैपाकात मीठ विसरतो, पन आंधळी नाई. पोरगी येनार नाई."

"थांबा!" शकुबाईनं चपला पायात घातल्या. "मी फवारनीवाल्याले आनतो. आजच्या आज!"

"आना. मी इथीच बसतो." आणि नीलाबाईंनी अंगणातल्या बाजेवर, करिष्मासाठी विणलेल्या त्याच बाजेवर, बैठक मारली.

फवारणीवाले चार किलोमीटरवर बोरटोल्यात, बावीस घरांच्या वस्तीत, होते. धानाच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं, शकुबाई अशी निघाली की वाटेतले बगळे बाजूला होऊन उभे राहिले. पोचली तर काय! पंप खाली, माणसं झाडाखाली, आणि बावीसच्या बावीस घरांची दारं बंद. बाया विहिरीजवळ हाताची घडी घालून उभ्या.

प्रफुल कपाळाला हात लावून बसला होता. "या, शकुबाई, या. तुमचीच वाट पाहून राह्यलो. हे पाहा, तुमच्या भिंतीचे चेले."

"माह्या?"

"पळसटोल्याची शकुबाई फवारू देत नाई, म्हन्तेत, तिच्या घरी कोनी मेलं का? मंग आमी काऊन घर खराब करू? चार वर्षं झाले हेच आयकून राह्यलो."

शकुबाईनं घसा खाकरला. "माहं घर परत फवारून द्या, भाऊ. पोतल्या गेलं."

"पोतल्या गेलं? आपोआप?"

"बोलू नोका. द्याल का नाई?"

"हा टोला झाल्याबिगर मले हलता येत नाई. दारं उघडली तर उद्या सकाळी पयलं घर तुमचं. नाई उघडली तर इथीच बसतो."

शकुबाई विहिरीकडे गेली. पहिलं तिनं नेहमीचं हत्यार काढलं, थाप. "आयका वं बायांनो! ह्या औषधानं भिंत घट्ट होते. माही तर दगडासारखी झाली. काल रेड्यानं डोकं मारलं, रेडा चक्कर येऊन पडला."

पुढं उभी असलेली गिरजाबाई, बोरटोल्याची म्होरकी, तिच्या हातांकडे बघत होती. "एवढी दगड झाली तर तुह्या नखात पिवळी माती कायची वं?"

बाया हसल्या. शकुबाईनं हात पदरात लपवले. मग बाहेर काढले, कारण आता लपवून काय होणार होतं.

"सोमवारी फवारलं, बुधवारी पोतलं," ती म्हणाली. "मले डाग पाह्यवले नाईत. आता पोरीची सासू अंगनात बसली हाये, पोरीले पाठवत नाई. बरोबरच हाये तिचं. पोटुशीले ताप आला तर भिंत काय चाटायची हाये?"

गिरजाबाई म्हणाली, "पन नवरात्र आली नं. डागाच्या घरात घट कसा बसवायचा?"

"बसवा. देवीले डास चावत नाईत, आपल्याले चावतेत." शकुबाईनं श्वास घेतला आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून असं निसटलं, की ते तिलाही ऐकल्यावरच कळलं. "तीन महिने कोनी हात लावू नोका. तीन महिने झाले का मी येतो. बावीसच्या बावीस घरं मी माह्या हातानं पोतून देतो."

गिरजाबाईची हाताची घडी सुटली.

"तुह्या हातानं?" गिरजाबाईनं विचारलं. "पाल घसरते तशी?"

"तशीच."

बावीस कड्या एकदम वाजल्या. एक बाई तर इतक्या घाईनं धावली, की शेजारणीचंच दार उघडून बसली.

शुक्रवारी सकाळी पळसटोल्यात पहिलं घर शकुबाईचं फवारलं गेलं. नीलाबाई रात्री मच्छरदाणीत झोपल्या होत्या आणि सकाळी पंपवाल्यांच्या मागेमागे हिंडल्या. "हा कोपरा राह्यला… दाराच्या मांगं मारा… भाऊ, तुमी जेवले नाई का?" शनिवारी वाळलेल्या भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड बघितली, बोट साबणानं धुतलं आणि मूलला फोन लावला. "बॅग भर, पोरी."

करिष्मा आली. दर पंधरवड्याला गावची आशा सेविका येऊन तिच्या बोटाचं रक्त तपासून जायची, आणि रात्री ती औषधी मच्छरदाणीत झोपायची. शकुबाई ओघळांच्या भिंतीसमोर बसून तिचे पाय चेपायची. हात भिंतीकडे गेला की करिष्मा म्हणायची, "आई…" आणि हात परत पायावर यायचा. नोव्हेंबरच्या शेवटी, कुरखेड्याच्या दवाखान्यात, नात झाली. पावणेतीन किलोची. रडणं असं, की ताडोब्याच्या वाघानं म्हणे कूस बदलली.

डिसेंबर संपता संपता गिरजाबाई आठवण द्यायला आली. बावीस नाही, आता एकतीस घरं होती. बाजूच्या दोन टोल्यांनीही दारं उघडली होती, अर्थात त्याच बोलीवर.

शकुबाईनं नातीला पाळण्यात टाकलं, घमेलं उचललं आणि निघाली. तिसऱ्या घरापर्यंत तिची कंबर धरली. चौथ्या घरी पोचली, तर अंगणात नीलाबाई, नातीच्या निमित्तानं आलेल्या, पदर खोचून पिवळी माती कालवत बसलेल्या.

"ईनबाई, तुमी?"

"एकतीस घरं तुमी एकट्या कराल तर उन्हाळ्याची फवारनी येऊन जाईन," नीलाबाई म्हणाल्या. "शेन किती घालू, ते सांगा फक्त. न् ही माती कोन गाळली हो? खडे लागून राह्यले."